आठवण, मान, धन आणि एक काना

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतलं खेळाडूंच्या नावांचं कोडं एकदम भारी होतं! ‘आठवण, पुढे मान, मग धन, शेवटी काना’, यावर मी अर्धा तास डोकं खाजवलं आणि आईने चहा ठेवता ठेवता सांगितलं, अरे आपल्या सांगलीची स्मृती मानधना! ‘नाशिकची कविता, वाचायची नाही, धावते’ मात्र लगेच सुटलं, कविता राऊत, 2010 च्या एशियाडला 10,000 मीटरमध्ये सिल्व्हर. फक्त ‘अजिंक्य’ला ‘राहणे’ जोडायचं ते पटलं नाही, आडनाव रहाणे आहे, काना र ला नाही ह ला, आणि मराठी कोड्यात चौकटीत अक्षर कान्यासकट बसतं त्यामुळे उभा शब्द पण गंडला ना राव. पुढच्या वेळी कबड्डी-खोखोवाले पण घ्या.

– एक वाचक, मिरज