सई, एकवीस म्हणजे उशीर नव्हे

कोल्हापूर, रविवार

चि. सई हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र पोचेल तेव्हा तुझी सबमिशनं चालू असतील. तरी सवडीनं, पण पूर्ण वाच.

परवा फोनवर म्हणालीस, "आई, एकवीस संपत आलं. बाकीच्या पोरी चौदाव्या वर्षापासून बोटीत आहेत. मी कॉलेजात आल्यावर वल्हं धरलं. आता काय होणार?" निवड चाचणीत चौथी आलीस आणि शिबिराला तिघींनाच घेतलं, ह्याचं वाईट वाटणारच. ते वाटू दे. पण वयाचं जे बोललीस ते मला अजिबात पटलेलं नाही.

हेलन ग्लोव्हर हे नाव तुला माहीत आहे. तिची सगळी कारकीर्द मात्र एकदा वयासकट वाच. शाळेत व्यायाम शिकवायचं शिक्षण घेतलेली मुलगी. ब्रिटनमध्ये खेळासाठी उंच मुलंमुली शोधायची एक योजना निघाली, त्यातून ती २००८ मध्ये रोईंगला आली. तेव्हा ती तुझ्याच वयाची होती. २०१२ ला लंडनमध्ये हेदर स्टॅनिंगबरोबर पेअरमध्ये, म्हणजे दोघींच्या बोटीत, तिनं सुवर्ण घेतलं. त्या ऑलिम्पिकमधलं ते ब्रिटनचं पहिलं सुवर्ण. रिओत पुन्हा दोघींनीच. मग तीन लेकरं झाली, त्यातली दोन जुळी. जुळी लहान असतानाच ती परत बोटीत बसली आणि टोकियोत चौथी आली. आपल्याकडं असती तर तिथंच सगळ्यांनी "बास झालं आता" म्हटलं असतं. २०२४ ला पॅरिसमध्ये ३८ व्या वर्षी तिनं चौघींच्या बोटीत रौप्य मिळवलं.

आणि चौथ्या नंबराचंच म्हणशील तर न्यूझीलंडच्या एमा ट्विगकडं बघ. सिंगल स्कल, म्हणजे बोटीत दुसरं कुणी नाही, दोष वाटून घ्यायलाही कुणी नाही. लंडनला चौथी. २०१४ मध्ये जगज्जेती. रिओला पुन्हा चौथी. त्यानंतर तिनं रोईंग सोडलं, नोकरी धरली आणि काही काळानं परत आली. टोकियोत ३४ व्या वर्षी तिनं ७ मिनिटं १३.९७ सेकंदात २००० मीटर काढले, सुवर्ण घेतलं आणि ऑलिम्पिकमधली सर्वांत चांगली वेळही नोंदवली. पॅरिसला रौप्य. दोन चौथ्या नंबरांच्या मध्ये आणि नंतर तिच्या घरी काय बोलणं झालं असेल, ह्याचा मी बराच विचार करते.

हे असं का होतं तेही तुझ्याच तोंडून ऐकलंय मी. सात-साडेसात मिनिटांची शर्यत नुसत्या जोरावर निघत नाही, दमावर निघते, आणि दम वर्षानुवर्षं साठत जातो. पायाचा रेटा, पाठ, मग हात हा क्रम थकल्यावरसुद्धा मोडू नये, यालाही वर्षं लागतात. रुमानियाच्या एलिझाबेता लिपानं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण १९ व्या वर्षी घेतलं आणि पाचवं ३९ व्या. १९८४ ला तिनं जिंकलं तेव्हा बायकांची शर्यत १००० मीटरचीच असायची, पुरुषांच्या निम्मी. सोलपासून, म्हणजे १९८८ पासून, २००० झाली. अंतर दुप्पट झालं तरी ही बाई जिंकतच राहिली.

आता ज्या गोष्टीनं माझी झोप उडालीय ती. तू म्हणालीस की वजन ५९ किलोच्या खाली आणून लाइटवेटला, म्हणजे कमी वजनाच्या गटात, उतरू का. सई, हे करू नकोस. तुझी उंची पाच फूट आठ इंच आहे, हाडापेरानं तू बाबांवर गेलीस. त्या वजनाला पोचायचं तर तुला उपाशी राहावं लागेल. इतका सराव आणि पोटात कमी अन्न, याचा परिणाम बायकांच्या अंगावर आधी दिसतो. पाळी चुकते, हाडं ठिसूळ होतात आणि वल्हवणाऱ्यांच्या बरगड्यांना बारीक चिरा जातात. त्यात महिने जातात. पाळी मागंपुढं झाली तर कोचपासून, माझ्यापासून दडवायचं नाही, लगेच डॉक्टरला दाखवायचं. आणि कशासाठी हा आटापिटा? ऑलिम्पिकमध्ये लाइटवेट पॅरिसलाच संपलं. २०२८ ला लॉस एंजेलिसला ते नाही. तू भाकरी खा, अंडी खा, दूध पी. इथं आलीस की तांबडा-पांढरा मी करतेच.

लॉस एंजेलिसला त्याऐवजी समुद्रातलं रोईंग येतंय, बीच स्प्रिंट. वाळूवरून पळत यायचं, बोटीत उडी मारायची, बोयांना, म्हणजे पाण्यातल्या तरंगत्या खुणांना, वळसे घालत २५० मीटर आत जायचं, वळून परत यायचं आणि पुन्हा पळायचं. मला ते फार आवडलं. तुझे पाय पहिल्यापासून पळणारीचे आहेत. एकदा कोचना विचार. गगनबावडा उतरलं की कोकणचा किनारा आपल्याला किती लांब आहे?

भारतातून ऑलिम्पिकच्या रोईंगला आजवर पुरुषच गेलेत, हे मी तुला गोड करून सांगणार नाही. मुलींच्या वाट्याला आलेलं मोठं यश म्हणजे २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत प्रतिमा पुहाना आणि प्रमिला प्रवा मिंझ यांचं पेअरमधलं कांस्य. वाट अरुंद आहे. पण आपल्या चांदवडचा दत्तू भोकनळ दुष्काळी गावातला, लष्करात गेल्यावर पुण्यात वल्हं धरलं आणि २०१६ ला रिओत तेरावा आला. त्यालाही कुणी चौदाव्या वर्षी पाण्यात उतरवलं नव्हतं.

मामा म्हणतो, होडी मारणं पोरीचं काम आहे का. त्याच्या डोळ्यासमोर कृष्णेतल्या पावसाळी शर्यती असतात, वल्ह्यावर सगळे गडी आणि काठावर जत्रा. त्याच्याशी मी बोलेन, तू मनाला लावून घेऊ नकोस. स्थळांचं जे काय चाललंय तेही मी आणि बाबा बघतो. तुझ्यापर्यंत येणार नाही. कोल्हापूरला खेळाडूचं वय समजतं. आपली नेमबाज तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये जगज्जेती झाली आणि पहिलं ऑलिम्पिक खेळली टोकियोत, चाळिसाव्या वर्षी. मधली सगळी वर्षं तिनं रायफल खाली ठेवली नाही.

शिक्षण सोडायचं नाही, हे मात्र माझं म्हणणं आहे आणि ते मी सोडणार नाही. ब्रिटनच्या कॅथरीन ग्रेंजरनं रोईंग करत करत कायद्यात पीएचडी केली. सिडनी, अथेन्स, बीजिंग, तिन्ही ठिकाणी रौप्य आणि लंडनला ३६ व्या वर्षी सुवर्ण. तीही कॉलेजात गेल्यावरच बोटीत बसली होती. शेवटचं वर्ष पूर्ण कर, सकाळचा सराव चालू ठेव. पदवी आणि राष्ट्रीय पदक दोन्ही असलं तर सरकारी नोकरीत खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातून अर्ज करता येतो. म्हणजे पोटाची काळजी न करता पुढची दहा वर्षं वल्हवता येईल.

पुढच्या चाचणीचा फॉर्म आला की भरून टाक, फीचे पैसे बाबा पाठवतायत. एर्गोवरचा, त्या वल्हवायच्या मशीनवरचा, तुझा २००० मीटरचा टाइम दर महिन्याला मला कळव, मी वहीत लिहून ठेवते. गुरुवारच्या एसटीनं शेंगदाण्याचे लाडू, गूळ आणि तळहाताला लावायला कोकमतेल पाठवतेय. स्वारगेटला डबा घ्यायला वेळेत जा. लाडू खोलीतल्या पोरींना दे, पण रोज दोन तू खायचेच.

तुझी,
आई