बर्फ आधी सुटू द्या, ऊब नंतर

मा. संपादक,

पाळीव सापाला जिवंत उंदराऐवजी गोठवलेला उंदीर देण्याची पद्धत आता बरीच रुळली आहे, आणि ती योग्यच आहे. पेटीत कोंडलेला जिवंत उंदीर जिवाच्या आकांताने सापालाच चावतो. कधी त्यात सापाचा डोळाही जातो. मात्र फ्रीझरमधून काढलेला उंदीर सापासमोर धरेपर्यंतच्या काही तासांत ज्या चुका होतात, त्या सापालाही भोवतात आणि घरातल्या माणसांनाही. म्हणून हे पत्र.

गोठवले की जंतू मरतात, असे अनेकजण धरून चालतात. पण साल्मोनेला हा जुलाब-ताप आणणारा जंतू मरत नाही. उणे १८ अंश सेल्सिअसला तो नुसता थांबतो आणि ऊब मिळताच पुन्हा वाढू लागतो. सापांसाठी विकल्या जाणाऱ्या गोठवलेल्या उंदरांमुळे माणसे आजारी पडल्याची नोंद अमेरिकेत २०१० आणि २०१४ साली झाली आहे. उंदीर दिसायला स्वच्छ, वासाला ठीक असला तरी तो कच्चे मांस आहे, आणि तेही आतड्यांसकट.

खरी चूक घाईची आहे. बर्फ सुटणे आणि उंदीर कोमट होणे ही दोन वेगळी कामे आहेत. ती एकाच गरम पाण्यात उरकायला गेले की घोटाळा होतो. बर्फ थंड जागीच सुटू द्यावा. उंदीर बंद झिपलॉक पिशवीत घालावा, पिशवी झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि डबा फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, ४ अंशांच्या आसपास. केसही न उगवलेल्या पिल्लाला, म्हणजे पिंकीला, दोन-तीन तास पुरतात. २५-३० ग्रॅमचा छोटा उंदीर रात्रभर ठेवावा. पाव किलोच्या मोठ्या उंदराला, म्हणजे रॅटला, पूर्ण २४ तास लागतात, कधी थोडे जास्तच. वजनापेक्षा इथे जाडी महत्त्वाची. उष्णता बाहेरून आत झिरपत जाते, त्यामुळे जाडी दुप्पट झाली की वेळ साधारण चौपट होतो. मोठा रॅट ओट्यावर उघडा ठेवला, तर पोटात बर्फ असतानाच त्याची कातडी कित्येक तास जंतूंना मानवणाऱ्या उबेत राहते.

आदल्या दिवशी काढायचे राहून गेले, तर बंद पिशवी नळाच्या थंड पाण्यात बुडवावी आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलावे. पिशवी तरंगते, म्हणून वर वजन ठेवावे. छोटा उंदीर तासाभरात मोकळा होतो, रॅटला दोन-तीन तास द्यावे लागतात.

बर्फ सुटला की नाही हे पिशवीवरूनच बोटांनी पाहावे. पाय आणि मान सहज वळायला हव्यात, पण तेवढ्यावर विसंबू नये. पोट आणि छाती सर्वांत शेवटी मोकळी होतात. अंगठ्याने हलके दाबल्यावर आत गोटीसारखे काही लागले, तर अजून थांबावे.

मग ऊब. हातमोजे घालून तीच बंद पिशवी ४५ ते ५० अंशांच्या पाण्यात ठेवावी, छोट्या उंदराला दहा-पंधरा मिनिटे, रॅटला अर्धा तास. पाणी उकळते नको. उकळत्या पाण्यात कातडी शिजून सुटते, पोट फुगून फुटते, आणि गाभा तरीही थंडच राहू शकतो. मायक्रोवेव्ह तर कधीच वापरू नये. त्यात उष्णता सारखी पसरत नाही. एका जागी मांस शिजते आणि शेजारी बर्फ उरतो. साप भक्ष्य चावून खात नाही, अख्खे गिळतो, त्यामुळे आतला चटका थेट त्याच्या अन्ननलिकेला बसतो.

उंदराचा पृष्ठभाग ३८ ते ४० अंश असावा. इन्फ्रारेड थर्मामीटर, म्हणजे न टेकवता लांबून तापमान दाखवणारा, फक्त कातडीचे तापमान मोजतो, हे विसरू नये. त्यावर उपाय सोपा आहे: पाण्यातून काढून पाच मिनिटांनी पुन्हा मोजावे. आकडा झपाट्याने उतरला, तर आत गारवा आहे. बॉल पायथन या छोट्या अजगराच्या ओठांवर उष्णता जाणणारे खळगे असतात, म्हणून त्याच्यासाठी पिशवीतच उंदराच्या डोक्याकडचा भाग अर्धा मिनिट जरा जास्त गरम पाण्यात धरावा. कॉर्न स्नेक या दुसऱ्या बिनविषारी सापाला असे खळगे नसतात. तो वासावर जास्त अवलंबून असतो.

देण्याआधी कागदी टॉवेलने उंदीर कोरडा करावा, नाहीतर पेटीतला भुसा त्याला चिकटून सापाच्या पोटात जातो. उंदीर निदान ३० सेंटीमीटर लांब चिमट्यानेच धरावा. उंदराचा वास लागलेली बोटे सापाला भक्ष्यच वाटतात. सापाने खाल्ले नाही, तर उबदार पेटीत दोन-तीन तासांहून जास्त ठेवू नये. तो उंदीर टाकूनच द्यावा. पुन्हा गोठवला, तर मधल्या काळात वाढलेले जंतू तसेच साठवले जातात.

साफसफाईत हयगय नको. भांडे, चिमटा आणि थर्मामीटर फक्त याच कामाचे असावेत, आणि ते स्वयंपाकाच्या सिंकमध्ये धुऊ नयेत. भांडे व चिमटा आधी साबणाने धुवावेत, म्हणजे चिकट घाण जाते. मग एक लिटर गार पाण्यात ३० मिलिलिटर घरगुती ब्लीच घालून त्यात दहा मिनिटे बुडवून ठेवावेत आणि स्वच्छ पाण्याने खळखळून धुवावेत. साबण न लावता थेट ब्लीच वापरले, तर ते चरबी आणि रक्तावरच खर्ची पडते. थर्मामीटर नुसता पुसून घ्यावा. पाच वर्षांखालील मुले, वृद्ध, गर्भवती आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसे यांनी या कामात हात घालू नये.

खाल्ल्यानंतर ४८ तास सापाला हाताळू नये. त्याने उंदीर उलटून टाकला, तर लगेच दुसरा देऊ नये. गाभा थंड राहिला होता का, पेटीची उबदार बाजू पुरेशी उबदार आहे का, उंदीर सापाच्या सर्वांत जाड भागाच्या दीडपटीहून मोठा होता का, हे आधी तपासावे. दहा ते चौदा दिवस पोटाला विश्रांती द्यावी, पाणी मात्र कायम ठेवावे, आणि पुढचे भक्ष्य नेहमीच्या निम्म्या आकाराचे द्यावे. तेही उलटले, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्यावे.

आपले,
साप पाळणारे काही वाचक