इंजिन धुवा, पण गन जरा लांब ठेवा

मा. संपादक, नमस्कार.

गाडी धुवायचा विषय निघाला की लोकांचे सरळ दोन गट पडतात. एक म्हणतो इंजिनला पाण्याचा थेंब लावू नका, वाट लागेल. दुसरा म्हणतो काही होत नाही हो, पावसात भिजतेच की गाडी, मारा बिनधास्त प्रेशर वॉशरची गन. दोघंही अर्धवट बरोबर आहेत आणि उरलेल्या अर्ध्यामुळे जे बिघडतं ते आमच्यासारख्या वायरिंगवाल्यांकडे येतं, म्हणून हे पत्र.

तक्रार ठरलेली असते. काल इंजिन वॉश केलं, आज सकाळपासून गाडी थरथरतेय, पिकअप नाही, चेक लाईट लागलाय. स्कॅनर लावला की पी०३०० नाहीतर पी०३०१, पी०३०२ असला कोड, म्हणजे मिसफायर, सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, आणि शेवटचा आकडा म्हणजे कुठला सिलिंडर मिस मारतोय तो (शून्य असेल तर कुठला एक असा नाही, इकडे तिकडे मारतोय). मग बऱ्याच ठिकाणी लगेच नवीन कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देते ती) गळ्यात मारतात. अहो आधी जुनी कॉइल उपटून खालच्या खड्ड्यात टॉर्च मारून बघा तरी!

आताच्या बहुतेक पेट्रोल इंजिनात प्लग हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) मधोमध बोटभर खोल खड्ड्यात बसलेला असतो आणि त्याच्यावर कॉइल, कॉइलच्या वरच्या बाजूला रबराची कॉलर. नवीन असताना ती कॉलर पाणी अडवते, पण इंजिनच्या उष्णतेने रबर कडक होतं, चिरा पडतात, आणि जवळून गन मारली की पाणी आत शिरतं. शिरलं की तिथेच बसतं कारण वरून झाकण आहेच, वाफ होऊनसुद्धा पटकन बाहेर जात नाही, म्हणून "चालवली की वाळेल" हे बाकी इंजिनबाबत खरं असलं तरी या खड्ड्याबाबत खरं नाही. आता प्लगला जाणारा करंट वीस-तीस हजार व्होल्टचा, त्याला सोपा रस्ता पाहिजे असतो. ओल्या, मळक्या सिरॅमिकवरून बाहेरच्या बाहेर हेडला जाता येत असेल तर तो प्लगच्या टोकाला जाऊन ठिणगी कशाला पाडेल? बरं गंमत अशी की नुसत्या आयडलिंगला गाडी ठीक वाटते, आणि चढावर किंवा ओव्हरटेक करताना पाय दाबला की झटके देते, कारण लोडवर सिलिंडरमधलं प्रेशर वाढतं, ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं आणि तेव्हाच ते बाहेर गळतं. त्यामुळे धुणारा माणूस गाडी चालू करून दाखवतो, "बघा साहेब, एकदम ओके", आणि तो खोटं बोलत नसतो.

असं बरेच दिवस चालू दिलं की कॉइलपासून प्लगपर्यंत जाणाऱ्या रबरी नळीवर आतून काळी रेघ पडते. ती पडली की मग सगळं कोरडं केलं तरी करंट त्याच रेघेवरून पळतो. तेव्हा मात्र बदलाबदली करावी लागते, पण तेव्हाही काही गाड्यांना नुसती रबरी नळी वेगळी मिळते, अख्खी कॉइल लागतेच असं नाही, विचारून बघायला काय जातंय.

पावसाचं म्हणाल तर पावसाचं पाणी आणि गनचं पाणी यात फरक जोराचा आहे. पाऊस बॉनेटवर पडतो, आत येतं ते शिंतोड्यांनी. कंपन्या कपलर (वायरी जोडायचे सॉकेट) आणि इसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) वॉटरप्रूफ देतात हे खरं, पण त्यांच्यावर पाणी अडवण्याचा जो आयपी ६७ दर्जा लिहिलेला असतो तो म्हणजे एक मीटर पाण्यात तीस मिनिटं बुडवून ठेवलं तरी चालेल असं, अगदी जवळून मारलेल्या फवाऱ्याची ती टेस्टच नाही. त्या टेस्टचा आकडा वेगळा, आयपी ६९के, त्यात ८० डिग्रीचं गरम पाणी ८० ते १०० बारने मारतात. घरी मिळणारे साधे प्रेशर वॉशरसुद्धा १०० बारच्या आसपास किंवा वर जातात, आणि तुमच्या दहा-बारा वर्षांच्या गाडीतला प्रत्येक कपलर ६९केचा आहे, त्याचं सील अजून मऊ आहे, हे कोण सांगणार?

दुसरी गोष्ट गरम इंजिनची. लांबून आलेली गाडी तशीच रॅम्पवर घेतात आणि बॉनेट उघडून थंड पाणी सोडतात. तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडा जाऊ शकतो, ऑक्सिजन सेन्सरच्या आत सिरॅमिक असतं ते फुटू शकतं, हे तर आहेच, पण त्याहून लोकांच्या लक्षात न येणारं म्हणजे कपलरच्या आतली गरम हवा एकदम थंड झाली की आकसते आणि सीलवर थांबलेलं पाणी आत ओढून घेते. मग महिन्याभराने पिनांवर हिरवा थर येतो आणि वॉश केलेलं कोणाला आठवतही नाही. आधी गाडी हात लावता येईल इतकी गार होऊ द्या. अगदी थंडगार नको, कोमट असली तर ऑइलचा चिकटा लवकर सुटतो.

धुवायचंच असेल तर आधी सुकं काम करा, पाला-कचरा काढा, काचेखालच्या जाळीतली भोकं मोकळी करा (ती तुंबली की काही गाड्यांत पावसाचं पाणी थेट कॉइलवर टपकतं आणि दोष वॉशिंगवर जातो). अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, कॉइल आणि एअर फिल्टरच्या हवा ओढायच्या तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी बांधा. ते तोंड विसरू नका, तिथून पाणी गेलं तर फिल्टर भिजतो, एअरफ्लो सेन्सर बिघडतो. डिग्रीझर (चिकटा सोडवणारं द्रावण) थोडा मारा, ब्रशने घासा, जिथे चिकटा आहे तिथेच. मग साध्या नळीने हलकं पाणी, वरून खाली, आणि संपलं. रेडिएटरवर तर गन नकोच, त्याच्या पात्या वाकतात. शेवटी पिशव्या काढून हवा मारा, कॉइलच्या भोवती जास्त, आणि शंका असेल तर कॉइल काढून खड्ड्यात हवा मारा. पण प्लग खोलायच्या आधी! खड्ड्यात पाणी असताना प्लग काढला तर ते पाणी कुठे जाईल ते सांगायला नको. मोटरसायकलवाल्यांनो, बऱ्याच इंजिनांत त्या खड्ड्याला पाणी जायला बारीक भोक असतं आणि ते चिखलाने बंद होतं, तार घालून मोकळं करा.

डिझेल गाडीला स्पार्क प्लगच नाही म्हणून तिथे गन चालते असं समजू नका, इंजेक्टरच्या खड्ड्यात पाणी राहिलं की इंजेक्टर गंजून असा बसतो की काढताना मेकॅनिकचा घाम निघतो. आणि डिझेल किंवा रॉकेल फवारून इंजिन चकाचक करायची जी पद्धत आहे ती बंद करा, कूलंटच्या रबरी नळ्या फुगतात, शिवाय गरम सायलेन्सरवर उडालं तर आग. चमक यायला वरून मारतात तो सिलिकॉन स्प्रेसुद्धा बेल्टवर गेला की बेल्ट घसरून ओरडतो. हायब्रिडमध्ये नारिंगी केबल (हाय व्होल्टेजची) दिसली तर तिकडे पाणी नकोच, ओला फडका पुरे.

वॉशिंगवाल्यांना एवढंच सांगणं आहे की गिऱ्हाईकाला विचारल्याशिवाय बॉनेट उघडून गन मारू नका. आणि गाडीवाल्यांनो, धुतल्यावर गाडी मिस मारतेय आणि चेक लाईट नुसता लागलेला नाही तर लुकलुकतोय, तर "सर्व्हिसपर्यंत नेतो तशीच" करू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आतली जाळी वितळते, आणि कपभर पाण्याच्या दुखण्याचं बिल कॉइलच्या कितीतरी पट होतं. गाडी बाजूला घ्या, बंद करा, गार झाली की कॉइल काढून बघा नाहीतर कोणाला बोलवून बघायला लावा.

आपला,
गाड्यांचं वायरिंग करणारा एक वाचक