मावशी, तलावात उतरू दिलंत म्हणून

आदरणीय मावशी,
सा. न. वि. वि.

तुमच्या तलावावरचं काम आटोपून निघताना मी आभाराचं काही बोलायला लागले, तेव्हा तुम्ही बोलूच दिलं नाहीत. "आभार कायले? काम केलं ना तू," म्हणालात आणि माझ्या पिशवीत सुक्या झिंग्यांची पुडी कोंबलीत. म्हणून आता लिहिते आहे, आणि चारचौघांत लिहिते आहे. सूनबाई मोबाईलवर वाचून दाखवतील, तेव्हा मध्येच "पुरे" म्हणू नका. निम्मं पत्र तुमच्यासाठी आहे. उरलेलं त्या मुलामुलींसाठी, जी दर उन्हाळ्यात "कुठे काम शिकायला मिळेल का" असं विचारत फिरतात.

मीही तशीच फिरत होते. नव्या शैक्षणिक धोरणानंतर एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला चार क्रेडिटचं ऑन-जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट करावं लागतं. वर्गातली बहुतेक मंडळी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळांत नाहीतर रोपवाटिकांत गेली. एका ठिकाणाहून मला उत्तर आलं की आधी शुल्क भरा, प्रमाणपत्राची हमी आमची. तिथे काय शिकायला मिळेल, याबद्दल एक ओळ नव्हती. मला पाणथळ जागेवर काम करायचं होतं, आणि पाणथळ म्हटलं की आठवायचं ते नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी, कारण महाराष्ट्रातली रामसर स्थळं (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा) म्हणून तीच तीन नावं परीक्षेसाठी पाठ केलेली. आपल्याच भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीत माणसांनी बांधलेले हजारो तलाव आहेत आणि ते पुन्हा उभे करायला माणसं पुरत नाहीत, हे मला विभागातल्या एका मॅडमनी सांगितलं. तुमच्या मच्छीमार सोसायटीच्या सचिवांचा नंबरही त्यांनीच दिला. कुठल्या सूचनाफलकावर तो नव्हता.

मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, मालगुजार म्हणजे सारा गोळा करणारे जमीनदार, एवढं मी वाचून आले होते. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातल्या जाणत्यांनी जमिनीचा उतार ओळखून पाळी, म्हणजे मातीचे बांध, घातले. नवेगाव बांधचा मोठा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळींनी बांधला असं सांगतात. 1951 मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. इथवर पुस्तकात होतं. पुढचं तुम्ही पाळीवर बसून सांगितलंत. तलाव सरकारी झाला तशी पाळीची डागडुजी कुणाचीच राहिली नाही. शेतकऱ्याला धानासाठी पाणी पाहिजे, सरकारला पाणीपट्टी पाहिजे, काठच्याला गाळपेर, म्हणजे पाणी उतरल्यावर गाळात घ्यायचं पीक, पाहिजे. पाण्याच्या आत काय उगवतंय आणि काय मरतंय, हे बघायची गरज फक्त ढिवरांना, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाला, कारण जाळं त्यांचं अडकतं.

पहिल्या सकाळी मी चार पानी छापील प्रश्नावली काढली. तुम्ही ती उलटसुलट पाहिलीत आणि म्हणालात, "हे संध्याकाळी. आता ऊन व्हायच्या आत चाल." आणि हातात कुदळ दिलीत. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस, लागायचा होता, तरी आठ वाजताच डोकं तापायचं.

बेशरम ही तलावाची कड व्यापून टाकणारी झुडपी वनस्पती मी लहानपणापासून पाहत आले. नाल्याकाठी, रुळांशेजारी, फिक्या जांभळ्या फुलांची. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली, हेही ठाऊक होतं. काढायची कशी, ते मात्र कुठल्या तासाला कुणी शिकवलं नव्हतं. वरून कापली की ती दुप्पट फुटते. तोडलेली कांडी ओल्या गाळात पडली तर पडल्या जागी मूळ धरते, म्हणून सगळा पाला-काड्या पाळीबाहेर नेऊन वाळवायच्या. बकरीही सहसा तिला तोंड लावत नाही. पाणी उतरलंय, वरचा गाळ भेगाळलाय, पण आतून अजून जरा ओलसर आहे, असे उन्हाळ्यात थोडेच दिवस मिळतात की बुंधा हलवला तर मूळ अख्खं बाहेर येतं. त्याआधी गेलं तर पाय रुततात, त्यानंतर गेलं तर कुदळ नुसती वाजते. ते दिवस ओळखायचे कसे, हे तुम्ही टाचेनं गाळ दाबून दाखवलंत. गाळातला ओलावा मोजायची रीत माझ्याकडेही होती: नमुना तोलायचा, ओव्हनमध्ये दिवसभर वाळवायचा, पुन्हा तोलायचा. माझं उत्तर येईपर्यंत तुमच्या बायांनी अर्धी कड मोकळी केलेली असायची.

तलाव सुधारायचा म्हटलं की लोकांना जेसीबीच आठवतो. 2017 पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहे, गाळ शेतात गेला की शेत सुधारतं, ते काही मी नाकारत नाही. पण मधोमध खणून खड्डा केला आणि कड सरळ उभी कापली, तर तिथे पाणी साठेल, बाकी फारसं काही येणार नाही. उजेड तळापर्यंत पोचतो तो कडेच्या उथळ पाण्यात. पाणवनस्पती तिथेच रुजतात. त्यांच्या पानांवर शेवाळ धरतं, शेवाळावर गोगलगायी आणि किडे, त्यांच्यावर बारीक मासोळी, आणि मोठ्या माशांची पिल्लं लपतात तीही त्याच झाडीत. शेजारच्या गावातला असा खोल केलेला तलाव दाखवायला तुम्ही मला मुद्दाम नेलंत. पाणी भरपूर होतं, पक्षी म्हणून एक बगळा. "हा आमच्या कामाचा नाही," एवढंच बोललात. मी तिथे अर्धा तास टिपणं काढत बसले आणि त्या सगळ्या टिपणांचा अर्थ तुमच्या त्या वाक्यापेक्षा जास्त निघाला नाही.

बेशरम काढून झाल्यावर ठरवलेला पट्टा नांगरून ठेवायचा, पहिल्या पावसाचं पाणी चढलं की दुसऱ्या चांगल्या तलावातून आणलेल्या वनस्पती त्यात लावायच्या. अर्जुनी मोरगावच्या बाजूला हे काम भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या मनीष राजनकरांनी ढिवर समाजातल्या जाणत्या माणसांना सोबत घेऊन सुरू केलं. तुमच्या गटानं ते पाहून उचललं, असं तुम्ही स्वतःच सांगता, म्हणून इथे लिहिते. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया या पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पती ओल्या पोत्यात गुंडाळून आणल्या, वाटेत सुकू नयेत म्हणून पोत्यांवर पाणी मारत. कडेला देवधान, म्हणजे रानभात. तुमच्याकडे प्रत्येक वनस्पतीला नाव आहे, कुठली कुठल्या माशाला लागते तेही ठाऊक आहे. ती यादी सोसायटीच्या वहीत आहे आणि ती तिथेच ठेवायची असं तुम्ही सगळ्यांनी ठरवलंय, म्हणून मी इथे देत नाही. ज्याला हवी त्यानं गावात यावं, कामाला लागावं आणि मग विचारावं.

माझ्या हातून काय झालं? पीव्हीसी पाइपची मीटर बाय मीटर चौकट केली, ती पट्ट्यात ठिकठिकाणी टाकून आत काय काय आणि किती रुजलंय ते लिहिलं. एक स्टीलची ताटली काळी-पांढरी रंगवली, दोरीला बांधून पाण्यात सोडली आणि किती खोलीवर दिसेनाशी होते ते टिपलं. पाणी जितकं गढूळ तितकी ती लवकर दिसेनाशी होते. तुम्ही विचारलंत, "हे मोजून मासोळी वाढते काय?" मी म्हटलं, नाही, पण पुढच्या वर्षी कुणी म्हणालं की एवढं राबून काही फरक पडला नाही, तर दाखवायला कागद राहील. "मग मोज," म्हणालात. आज ती ताटली तुमच्या गावातली आठवीतली दोन पोरं सोडतात आणि आकडा मला फोनवर कळवतात. त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

सोसायटीच्या त्या सभेबद्दल मात्र मला सगळ्यांना सांगायचंय. तलावात माशांचं बीज कुठलं सोडायचं यावर वाद चालला होता. गवत्या (ग्रास कार्प मासा) लवकर वजन धरतो, तलावाचा ठेका भरायचा असतो, म्हणून काही सभासदांना तो हवा होता, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. पण गवत्या खातो तो नेमकी लावलेली वनस्पतीच, आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) तळ उकरून पाणी गढूळ करतो. मी हे सगळं तक्त्यावर मांडून भिंतीला लावलं होतं. तिकडे कुणी पाहिलं नाही. तुम्ही उठलात आणि म्हणालात की मोठ्या माशाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि पुरुषांच्या हातात येतो. झिंगे आणि बारीक मासोळी बाया टोपलीत घेऊन रोज विकतात, त्यावर घरचं तेल-मीठ चालतं. झाडी गेली की झिंगे गेले. त्यानंतर फार चर्चा झाली नाही. त्या हंगामात कटला, रोहू आणि मृगळ यांचीच बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडायची ठरली. पाणथळ जागांच्या अर्थशास्त्रावर मी त्यानंतर बरंच वाचलं, पण घरातला कुठला पैसा कुणाच्या हातात जातो इथून सुरुवात करणारं फारसं सापडलं नाही.

आता मावशी, जरा त्या मुलांशी बोलू द्या.

तलावाचं वर्ष आणि कॉलेजचं वर्ष जुळत नाही, ही पहिली अडचण. राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर बहुतेक ठिकाणी हिवाळ्यात लागतं. तेव्हा तलाव भरलेला आणि बेशरम पाण्यात उभी. मग पाळीवर झाडू मारून, बॅनरपुढे फोटो काढून मुलं परत जातात. त्यात मुलांचा दोष नाही. खरी गरज असते मेमध्ये आणि मग पहिल्या पावसात. आमचं ऑन-जॉब ट्रेनिंग उन्हाळ्यात येतं ते त्यामानानं सोयीचं, पण 120 तास सलग उरकले तर एकच ऋतू दिसतो. निम्मे तास मे-जूनमध्ये आणि निम्मे ऑक्टोबरमध्ये करू द्या, असं तुमच्या विभागाला विचारून पाहा. मी विचारलं, आणि आश्चर्य म्हणजे कुणी नाही म्हटलं नाही.

हिवाळ्यातच वेळ असेल तर पक्षी मोजा. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत होते, आपल्याकडे तिचं काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस) पाहते. जाणत्या माणसाबरोबर दोन सकाळी घालवल्या तर अडई, जांभळी पाणकोंबडी आणि कमळपक्षी नवख्यालाही ओळखू येतात. (कमळपक्ष्यांत अंडी नर उबवतो. मावशींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी काकांकडे पाहिलं, ते इथे लिहायला नको.) जूनमध्ये गोंदियाची 'सेवा' संस्था शेतकरी आणि स्वयंसेवकांना घेऊन सारस मोजते. महाराष्ट्रात उरलेले बहुतेक सगळे सारस याच भागात आहेत आणि ते धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, घरटं करतात, त्यामुळे पहाटे कुठल्या तरी बांधावर गप्प बसायची तयारी हवी. पुण्यातल्या मुलांनी एवढं लांब यायलाच हवं असंही नाही. तिथे जीवितनदी ही संस्था मुळा-मुठेच्या काठावर नागरिकांना बरोबर घेऊन काम करते आहे.

जीवशास्त्रच हवं असंही कुणी समजू नये. सिव्हिलच्या मुलांनी पाळ आणि सांडव्याची लेव्हल काढून दिली तर गाव पंचायतीत नकाशा घेऊन बोलू शकतं. कायद्याच्या मुलांना निस्तार हक्कांवर (रोजच्या गरजेसाठी तलाव-जंगल वापरायचे गावाचे परंपरागत हक्क) एक आयुष्य पुरेल एवढं काम आहे. आणि कॉमर्सवाल्यांनो, सोसायटीचा हिशेब आणि ठेक्याचे कागद नीट लावून देणारा माणूस या सगळ्यांत दुर्मिळ आहे. तुमची कुणी वाट पाहत नसेल असं समजू नका.

मावशी, माझा अहवाल इंग्रजीत विद्यापीठात गेला, मराठी प्रत तुमच्या ग्रामपंचायतीत दिली आहे. पहिल्या पानावर तुमच्या गटातल्या सगळ्या बायांची नावं आहेत, तुम्ही सांगितलेल्या क्रमानं. अंगणातली खाट, अंबाडीची भाजी, अंगावर पुरळ आलं तेव्हा लावलेला पाला आणि डोंग्यात बसताना दर वेळी धरलेला दंड, या सगळ्याबद्दल मनापासून आभार. आता ते परत करता येणार नाहीत, छापून आलेत.

या मेअखेर आमच्या विभागातल्या दोघी येताहेत. एकीला पोहता येत नाही आणि ती ते सांगणार नाही, म्हणून मी सांगते. जेवणाचे पैसे माझ्याकडून घेतले नाहीत, ते या वेळी चालणार नाही. विभागानं तेवढी तरतूद करून घेतली आहे, पण पावतीशिवाय पैसे सुटत नाहीत. सचिवांना म्हणावं, सोसायटीचं पावतीपुस्तक काढून ठेवा.

तुमची,
नागपूरची पोर