वारस नसलेली शाळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरातल्या जुन्या शाळांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. छायाचित्रं सुंदर आहेत, मेहनतही दिसते. पण एक गोष्ट खटकली आणि गेले चार दिवस डोक्यातून जाईना, म्हणून हा पत्रप्रपंच.

लेखात पुण्यातल्या हायस्कुलांची गोष्ट २ जानेवारी १८८० ला सुरू होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, नामजोशी आणि न्यू इंग्लिश स्कूल. मग १८८४ ची मुलींची शाळा, हुजूरपागा. भिडेवाड्यातली १८४८ ची जोतीराव-सावित्रीबाईंची शाळा एका चौकटीत आहे, तेवढ्याबद्दल आभार. पण टिळक १८७२ मध्ये मॅट्रिक झाले ते कुठल्या शाळेतून? विष्णुशास्त्री सरकारी नोकरीला लाथ मारून आले असं आपण अभिमानाने सांगतो, ती नोकरी पुण्यात कुठे होती?

दोन्हींचं उत्तर एकच आहे. पूना हायस्कूल. सरकारी शाळा, आणि भरायची दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात.

मी तीस वर्षं माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला. दर वर्षी आठवीची एक तुकडी घेऊन या वाड्यात जायचे. मुलं सागवानी सज्जाकडे माना वर करून बघत, दुसऱ्या बाजीरावाचे किस्से ऐकत आणि खालच्या पोस्टात कुणाचं तरी पाकीट टाकायचं असायचंच. मग मी सांगायचे की इथे तुमच्यासारखीच मुलं बाकावर बसत होती. एका वर्षी एका मुलीने विचारलं, ‘बाई, मग फळा कुठल्या भिंतीवर होता?’ मला सांगता आलं नाही. अजूनही सांगता येणार नाही. सरदारांच्या बैठकीची जागा दाखवणारा कुणीतरी नेहमी भेटतो, फळ्याची जागा दाखवणारा एकदाही भेटला नाही.

या वाड्यातली शिकवणी पेशवाई बुडाल्यावर तीनच वर्षांत सुरू झाली. ६ ऑक्टोबर १८२१ ला इथे सरकारी संस्कृत पाठशाळा उघडली. पेशवे ब्राह्मणांना दक्षिणा वाटत, त्याच पैशातला काही भाग मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या धोरणाने तिकडे वळला. साहेबाने धर्मादाय बंद केला म्हणून ओरड नको आणि पैसा विद्येलाही लागावा, असा तो हिशेब. शिकायला अर्थातच ब्राह्मण मुलं. १८५१ मध्ये पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज झालं, मेजर कँडी प्रमुख. आपण आज मराठीत स्वल्पविराम आणि अर्धविराम देतो त्याचं श्रेय याच कँडींना देतात. (माझ्या विद्यार्थ्यांच्या मते दोषही त्यांचाच.)

आणि १६ नोव्हेंबर १८५२ ला याच वाड्यात जोतीरावांचा सरकारतर्फे शालजोडी देऊन सत्कार झाला. ज्यांच्या मुलींच्या आणि अस्पृश्य मुलांच्या शाळांवर शहरात शेण फेकलं जात होतं, त्यांचा सत्कार, तोही दक्षिणेच्या पैशावर उभ्या राहिलेल्या पाठशाळेच्या वास्तूत. पुण्याच्या शिक्षणाचा सगळा पेच मला त्या एका संध्याकाळी दिसतो. तीस वर्षांनी सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जोतीरावांनी हेच मांडलं की पैसा रयतेच्या शेतसाऱ्यातून येतो आणि खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं शिक्षण द्या ही मागणीही त्याच निवेदनातली. त्याच हंटरसाहेबाने न्यू इंग्लिश स्कूल पाहून तोंड भरून स्तुती केली, ती मात्र आपल्याला पाठ असते.

पुढे कॉलेज वेगळं झालं आणि १८६८ मध्ये डेक्कन कॉलेज म्हणून येरवड्याच्या बाजूला नव्या इमारतीत गेलं. शाळा, म्हणजे हे पूना हायस्कूल, वाड्यातच राहिली. विष्णुशास्त्री इथे शिक्षक होते तेव्हाच १८७४ पासून त्यांचं ‘निबंधमाला’ मासिक निघत होतं. पगार सरकारचा आणि लेखणी सरकारच्या विद्येवर चालवायची. पुढे बदली रत्नागिरीला झाली यात नवल नाही, आणि १८७९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला यातही नाही.

त्याच वर्षी १३ मे च्या रात्री बुधवारवाडा पेटला, विश्रामबागेचाही पुढचा भाग जळाला. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचे ते दिवस. सरकारचा संशय कुठे कुठे गेला याचा एक नमुना म्हणजे म. गो. रानड्यांची तडकाफडकी धुळ्याला बदली. वाडा पुन्हा उभा राहिला तो लोकवर्गणीतून आणि नगरपालिकेच्या पैशातून. म्हणजे बाजीरावाचा वाडा, ब्रिटिशांची शाळा आणि दुरुस्ती पुणेकरांच्या खिशातून. आग लागली त्यानंतर आठ महिन्यांच्या आत विष्णुशास्त्र्यांनी आपली शाळा काढली. ही दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचली तर १८८० ची गोष्ट कमी होत नाही, उलट कळते. ती माणसं सरकारी शाळेत शिकलेली आणि शिकवलेली होती, म्हणूनच तिथे काय कमी पडतं हे त्यांना नेमकं माहीत होतं.

मग ही शाळा विसरली का गेली? मला वाटतं, कारण अगदी साधं आहे. खासगी संस्थेला वारस असतात. नियामक मंडळ असतं, माजी विद्यार्थी संघ असतो, शताब्दीला स्मरणिका निघते, संस्थापकांच्या तसबिरींना दर वर्षी हार पडतात. सरकारी शाळेची स्मरणिका काढणार कोण? शिक्षण खात्याचा अधिकारी तीन वर्षांत बदलतो. १९३० च्या सुमारास वाडा नगरपालिकेकडे आला, तिथून शहराचा कारभार चालू लागला आणि हायस्कूल लोकांच्या आठवणीतूनही निघून गेलं.

हे फक्त दीडशे वर्षांपूर्वीचं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. हल्ली पटसंख्या कमी म्हणून मनपाच्या शाळा एकमेकींत मिसळतात, इमारती दुसऱ्या कामाला जातात. तेव्हा बाकांची यादी होते, पंख्यांची होते. जनरल रजिस्टरचं काय होतं? ज्यांनी कधी दाखला काढला आहे त्यांना हे जाडजूड रजिस्टर माहीत आहे. नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण. त्या शेवटच्या रकान्यात मी काय काय वाचलं आहे! ‘गाव सोडले.’ ‘सतत गैरहजर.’ ‘लग्न.’ मुलगी नववीत असताना ‘लग्न’. वर्तणूक मात्र सगळ्यांची ‘चांगली’.

मी नोकरी केली ती शाळा नदीकाठच्या पेठेत होती. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा तिथल्या कपाटांत पाणी शिरलं होतं. जुन्या रजिस्टरांची पानं चिकटलेली, निळी शाई पसरून ढग झालेली. तरी एका शिपायाने ती पानं व्हरांड्यात दोऱ्यांवर वाळत घातली होती, असं जुने लोक सांगत. त्या माणसाचं नाव कुठल्याही स्मरणिकेत नाही. पण ती पानं वाळली म्हणून पुढे कितीतरी जणांना जातीच्या दाखल्यासाठी पुरावा मिळाला. २०२३ मध्ये राज्यभर कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली तेव्हा तर शाळांच्या या रजिस्टरांना एकदम भाव आला आणि मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली. गरज लागली की आठवण, एरवी वाळवी.

माझ्या मागण्या लहान आहेत. विश्रामबागवाड्यात शिरताना सगळ्यांना दिसेल अशा जागी, इथे सरकारी पूना हायस्कूल भरत होतं हे चार ओळींत लिहावं. मनपाची कुठलीही शाळा बंद वा विलीन होताना जनरल रजिस्टर आणि लॉगबुक यांची पोच देऊन ती एका ठिकाणी जमा करावीत, आणि प्रत काढून ठेवावी. ज्या शहरात पेशवे दफ्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सांभाळले जातात त्याला हे अवघड नाही.

आणि वाचकांना एक विनंती. जुन्या वाड्यांचे माळे रिकामे होत आहेत, बिल्डरची तारीख जवळ आली की आजोबांची ट्रंक आधी रद्दीवाल्याकडे जाते. त्या ट्रंकेत ‘पूना हायस्कूल’ असं छापलेलं प्रगतिपुस्तक, बक्षिसाचं पुस्तक, फीची पावती, वर्गाचा गटफोटो, काहीही निघालं तर सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात नेऊन द्यावं. विश्रामबागेपासून ते पायी जाण्याच्या अंतरावर आहे. गटफोटो असला तर आधी मला दाखवा. मागच्या भिंतीवर फळा दिसतो का ते बघायचं आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
शनिवार पेठ, पुणे