हुशार मुलांमधला डिस्लेक्सिया गुणपत्रिकेत दिसत नाही

संपादक महोदय,

ऐंशी टक्के मिळवणाऱ्या मुलाला डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखनात येणारी अडचण, असू शकतो, हे अनेक शाळांना आजही पटत नाही. तल्लख मूल धडा ऐकून पाठ करते, चित्रावरून आणि संदर्भावरून शब्द ताडते आणि चौथीपर्यंत निभावून नेते. पुढे वाचन वाढते, अंदाज पुरत नाही आणि शेरा मिळतो : 'हुशार आहे, पण आळशी.' हा शेरा अन्यायकारक आहे.

तपासताना पुस्तकातला उतारा देऊ नये. तो पाठ असतो. 'टमोफ', 'धुरकाणी', 'क्लेपुस्त' असे निरर्थक शब्द वाचायला द्यावेत, तिथे अंदाज चालत नाही. अनोळखी उतारा मोठ्याने वाचून घेताना चुकांबरोबर वेळही नोंदवावा. अशी अनेक मुले बरोबर वाचतात, पण फार हळू, आणि नेमके तेच नजरेतून सुटते. एकाच प्रश्नाचे तोंडी आणि लेखी उत्तर शेजारी ठेवावे. तोंडी दहा वाक्ये सांगणारे मूल दोनच लिहीत असेल, जोडाक्षरे आणि रफार चुकत असतील, तर तज्ज्ञांकडे पाठवावे. डोळे-कान आधी तपासून घ्यावेत.

बुद्ध्यांक चाचणीतही नुसत्या एकूण आकड्यावर थांबू नये. उत्तम शाब्दिक तर्क आणि कमकुवत कार्यस्मृती (माहिती थोडा वेळ मनात धरून वापरण्याची क्षमता) यांची बेरीज 'सामान्य' दिसते. पालकांनी उपचाचण्यांचे, म्हणजे चाचणीतल्या प्रत्येक भागाचे, गुण वेगळे मागावेत. डिस्लेक्सिया ज्यात मोडतो ती विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे. चांगले गुण हे तपासणी टाळण्याचे कारण असू नये.

— एक विशेष शिक्षिका, पुणे