ती पत्रकं माझ्याच मशीनवर निघाली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या वाचकपत्रांत एका गृहस्थांचं पत्र आलं होतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कोणीतरी समलिंगी पंक संगीताची (पंक म्हणजे गोंगाटाचं, बंडखोर रॉक) घाणेरडी पत्रकं वाटतंय, हे सगळं बाहेरून आलेलं, आपल्या गोव्यात असले लोकच नाहीत आणि असलं संगीतही नाही, असं त्यांचं म्हणणं. तर सांगायचं म्हणजे ती माझ्याच मशीनवर निघालीत. आणि ती पत्रकं नाहीत हो, त्याला झीन म्हणतात, फॅनझीन, म्हणजे हौशी लोकांनी स्वतःच काढलेलं छोटं मासिक, 24 पानं, मध्ये 2 पिना, किंमत 20 रुपये, फुकट कोणी वाटत नाहीये.

माझं दुकान म्हणजे जमिनीचे एक-चौदाचे उतारे, आधार कार्ड, रेसिडेन्स सर्टिफिकेटचे कागद आणि चवथीच्या आधी आरत्यांची पुस्तकं. वर्षभरापूर्वी तीन-चार पोरं आली, त्यातली एक मुलगी हळूच म्हणाली, "अंकल, घरा सांगूं नाका हां." मला वाटलं परीक्षेच्या चिठ्ठ्या असणार (मायक्रो झेरॉक्स मागायला येतात, मी हाकलून लावतो). बघतो तर कापून चिकटवलेली चित्रं, हाताने लिहिलेली गाणी, अर्धी मराठीत अर्धी रोमी कोंकणीत, एका मुलाने दुसऱ्या मुलाला लिहिलेलं पत्र, मधेमधे शिव्या, नाही असं नाही, आणि दोन पानं पूर्ण काळी. पूर्ण काळं पान म्हटलं की झेरॉक्सवाल्याच्या पोटात गोळा येतो, टोनर खातं आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या कागदावर पट्टे येतात. काळं कमी करा म्हटलं तर ऐकेनात. पानं चारच्या पटीत लागतात हेही मीच शिकवलं, पहिल्या अंकाला 22 पानं घेऊन आले होते शहाणे!

आता बाहेरून आलंय हे गृहस्थांचं म्हणणं अर्धं खरं आहे. पोरांनी नावं सांगितली आणि दुपारी दुकानात माशा मारायच्या असतात म्हणून मी वाचत गेलो. अमेरिकेत मिलवॉकीला काही लोक 2003 पासून असले क्विअर, म्हणजे समलिंगी वगैरे लोकांचे, झीन जमवून स्कॅन करून ठेवतात, कोणालाही वाचता येतात. लंडनमध्ये 1976 साली मार्क पेरी नावाच्या बँकेतल्या क्लार्कने पंकवर पहिलं गाजलेलं झीन काढलं, पहिल्या अंकाच्या 50 प्रती, त्याही झेरॉक्स. बारा अंक काढून बंद केलं आणि वाचकांनाच सांगत राहिला की तुम्ही तुमचं काढा.

पण मला खरी मजा वाटली ती टोरोंटोची. 1985 मध्ये जी. बी. जोन्स आणि ब्रूस लाब्रूस या दोघांनी 'जे.डीज' नावाचं झीन सुरू केलं, 1991 पर्यंत आठ अंक निघाले. पंकवाल्यांच्या गर्दीत यांना शिव्या, कधी मारही, आणि गे बारवाल्यांना यांचे कपडे नि गोंगाट नको, म्हणजे घर का ना घाट का. मग यांनी काय करावं? टोरोंटोत क्विअर पंकांची मोठी चळवळच आहे असं बिनधास्त छापून दिलं! प्रत्यक्षात मोजकेच मित्रमैत्रिणी. पण लांबच्या गावांत ज्यांना वाटायचं की आपण एकटेच, त्यांनी ते खरं धरलं आणि पत्रं पाठवायला लागले. 1990 मध्ये यांनी वेगवेगळ्या बँडच्या गाण्यांची कॅसेटसुद्धा काढली. या टोरोंटोवाल्यांचं बघून सान फ्रान्सिस्कोत टॉम जेनिंग्स 1988 मध्ये 'होमोकोर' नावाचं झीन काढायला लागला, हा तोच माणूस ज्याने 1984 मध्ये फोनलाइनवरून कंप्युटर जोडणारं फिडोनेट बनवलं होतं. मग तिथेच 1991 ला पॅन्सी डिव्हिजन हा बँड उभा राहिला आणि 1994 मध्ये ग्रीन डे या गाजलेल्या बँडबरोबर दौऱ्यावर गेला, म्हणजे भरलेल्या हॉलमध्ये हजारो पोरांसमोर हे आपण समलिंगी असल्याचं उघड गाणारे. आधी कागदावर चळवळ आणि मग खरोखरची.

हे वाचल्यावर मला आमच्या पोरांचं मागचं पान आठवलं. तिथे 'म्हापशाचे बँड' म्हणून सात नावं छापली होती. मी तेव्हा विचारलं होतं की हे वाजवतात कुठे, मला तर एकही माहीत नाही, तर सगळी खिदळायला लागली. बँड एकच, बाकीची सहा नावं त्याच चौघांची! मी चिडलो, लोकांना फसवताय म्हटलं. पण दुसऱ्या अंकानंतर पेडण्याहून एक मुलगा आला, त्या यादीतल्या एका बँडला ड्रमर हवाय का विचारत, साखळीहून दोघी आल्या, आणि आता त्या सातातले दोन बँड खरंच आहेत. वाजवतात आसगावला एका भाड्याच्या खोलीत, दहाच्या आत, कारण बारमालकांना रेट्रो आणि हिंदी गाणी हवीत, स्वतःचं गाणं लावलं की गिऱ्हाईक बिल मागतं म्हणे. मला ते गाणं कळत नाही, कान दुखतात, पण शब्द छापील असतात म्हणून समजतात.

आणि कागद दडवून छापणं गोंयकारांना नवीन आहे का? पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या काळात लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरकडून पास करून आणावी लागायची, आजोबा सांगायचे. 1955 ते 61 वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी हद्दीपलीकडच्या जंगलातून गोवा मुक्तीचा रेडिओ चालवला, कोणाची परवानगी घेऊन? मराठीत तर अरुण कोलटकर, दिलीप चित्रे या कवींचं 'शब्द' सायक्लोस्टाइलवरच निघालं, पुढे साठच्या दशकात अशोक शहाण्यांचं 'असो', ती सगळी अनियतकालिकं, त्यांनाही घाणेरडं म्हणणारे होतेच. आज त्यांच्यावर पीएचडी करतात.

सुप्रीम कोर्टाने 6 सप्टेंबर 2018 ला कलम 377 मधला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग काढला, त्यामुळे गुन्हा बिन्हा काही नाही हेही त्या गृहस्थांना कळवावं. असले लोक नाहीत म्हणता, पण तिसऱ्या अंकाच्या 60 प्रती काढल्या आणि दोन शुक्रवारांत संपल्या, मग घेतल्या कोणी? एक विनंती पणजीच्या सेंट्रल लायब्ररीला, 1832 पासूनचं ग्रंथालय आहे, एकेक प्रत ठेवून घ्या, टोनरचं छापलेलं ऊन लागलं तर चिकटतं आणि प्लास्टिकला लागून निघतं, पोरांना जपता येणार नाही. प्रती मी आणून देईन, पैसे नकोत.

माझं आणि दुकानाचं नाव कृपया छापू नका. दुकान ओळखलं तर पोरं ओळखली जातील, आणि त्या मुलीला मी शब्द दिलाय.

आपला,
एक झेरॉक्सवाला, म्हापसा